पिंपळबोडीची पाणकरीण

फोन आला तेव्हा मी मानेवाड्याच्या सलूनमध्ये खुर्चीवर बसलो होतो. तोंडाला साबण लागलेला होता आणि एक गाल उरकला होता. एरवी फोन खिशात असतो, त्या दिवशी तो आरशापुढं ठेवला होता. पडद्यावर ‘माया पिंपळबोडी’ हे नाव दिसलं. माया ही पार्बताबाईची सून. ती फोन करते ती दुपारी, घरचं-शेतातलं आटपल्यावर. सकाळी साडेनऊला तिचा फोन यायचं काही कारण नव्हतं. मी उचलला तर मागं बायकांचे आवाज ऐकू येत होते. मग ती म्हणाली, “भाऊ... आई गेली.” मी विचारलं, “केव्हा?” “आता, घंट्याभरापह्यले. चहा मागतला होता तिनं. मी चहा घेऊन गेली तं...” वाक्य तिथंच राहिलं. सलूनवाल्याला मी काय सांगितलं, घरी कसा पोचलो, बायकोला कोणत्या शब्दांत सांगितलं, यातलं काहीही आठवत नाही. उमरेडच्या बसमध्ये खिडकीशी बसल्यावर हात गालाला लागला, तेव्हा कळलं की दुसरा गाल तसाच राहिला आहे.

पार्बताबाई माझ्या नात्यातली नव्हती. उमरेडच्या पलीकडं, डांबरी रस्ता सोडून आत गेल्यावर पिंपळबोडी नावाचं लहानसं गाव आहे, तिथली ती शेतकरी बाई. गावाला एक जुना तलाव आहे, मालगुजारांच्या काळात बांधलेला. आमच्या पूर्व विदर्भात असे तलाव गावोगाव आहेत, आणि त्यांच्याच भरवशावर इकडं धान पिकतं. मी सरकारी नोकरीत कनिष्ठ अभियंता होतो, तलाव आणि पाट दुरुस्तीच्या कामावर. वीस-बावीस वर्षांपूर्वी पिंपळबोडीच्या तलावाची मोजणी करायला गेलो आणि या बाईनं माझी चूक काढली. आमची ओळख अशी झाली. त्या चुकीबद्दल मी आजवर कुठं लिहिलेलं नाही. आता ती नाही, तर लिहायला हवं.

त्या वेळी तलावाचा मुख्य पाट गाळानं आणि बेशरमाच्या झुडपांनी पार बुजलेला होता. पाणी निघायचं, पण वरच्या अंगाच्या शेतांतच जिरायचं. खालच्या टोकाला बौद्ध वस्तीतल्या लोकांची शेतं होती, एकरा-दोन एकरांची. छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेल्या माणसांची ती पुढची पिढी. त्यांच्या धानाला तलावाचं पाणी मिळायचंच नाही. पावसानं साथ दिली तर पीक, नाही तर तणस, नुसता पेंढा. दिवाळीनंतर घरातला तांदूळ संपायचा आणि होळी झाली की त्या वस्तीतल्या बहुतेक दारांना कुलपं लागायची. माणसं मिरच्या तोडायला, विटाभट्टीवर, जिथं पोटाला मिळेल तिथं जायची. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मी फक्त दुर्बिणीतून उंची-खोली मोजत होतो. चार दिवस मोजणी करून मी निष्कर्ष काढला की मधल्या उंचवट्यामुळं पाणी टोकापर्यंत जाऊच शकत नाही, दुरुस्ती वरच्या अर्ध्या पाटाचीच करावी. गावकऱ्यांना शाळेच्या ओट्यावर बसवून तसं सांगितलंही. माणसं माना हलवत होती. एवढ्यात मागच्या बाजूनं, बायकांमधून, आवाज आला, “साहेब, तुमची दुर्बीण खोटं बोलून राहिली.”

चाळिशीतली बाई. सडपातळ, काळीसावळी, डोक्यावरचा पदर कानामागं खोचलेला. सगळे हसले, मीही हसलो. ती हसली नाही. “मी लग्न होऊन या गावात आली, तवा मांडवात जायच्या पह्यले याच पाटात पाय धुतले होते. आमच्या वस्तीपाशी. पानी येत नव्हतं तं मी पाय कायच्यात धुतले?” मी तिला समजावलं, की बाई, उंचवटा आहे, पाणी चढावर चढत नाही. ती म्हणाली, “चढत नाही, हे मलेबी समजते. पन तुमी गाडीरस्त्यानं मोजलं. पाट रस्त्यानं जात नव्हता, वळसा घेऊन जात होता. चला, दाखवते.”

मी गेलो, थोडा चिडूनच. ती चपला हातात घेऊन पुढं चालत होती. उंचवट्याच्या अलीकडं ती वळली आणि एका मोठ्या शेतात शिरली. शेत नामदेवरावांचं होतं, गावातल्या सगळ्यांत मोठ्या शेतकऱ्याचं. तूर उभी होती. पार्बताबाईनं बोटानं एक लांब, वाकडी रेघ दाखवली. त्या रेघेवरची तूर आजूबाजूच्या तुरीपेक्षा हातभर उंच आणि हिरवीगार होती. “खाली गाळ हाय. पाट नांगरून टाकला, पन जमीन इसरली नाही,” ती म्हणाली. मी रेघेवर उभा राहून खाली वस्तीकडं पाहिलं. उंचवटा उजव्या हाताला राहत होता आणि उतार सरळ तिच्या घरापर्यंत जात होता. शिकून आलेला मी होतो, माझ्याकडं यंत्र होतं, आणि ही साधी गोष्ट मला दिसली नव्हती...

पुढचं सांगायला जड जातं. नागपूरला परत आल्यावर मी अहवाल लगेच बदलला नाही. साहेबांपुढं उभं राहून ‘माझं चुकलं’ म्हणायची लाज वाटली. शिवाय जुना पाट एका बड्या शेतकऱ्याच्या शेतातून जातो म्हणजे भांडण आलंच, हाही विचार होता. दोन महिने ती फाईल माझ्या टेबलावर पडून होती. मग एका सोमवारी कार्यालयाच्या व्हरांड्यात पार्बताबाई उभी दिसली. पिंपळबोडीहून उमरेड, उमरेडहून नागपूर, दोन बसगाड्या बदलून एकटी आली होती. मला वाटलं आता चारचौघांत बोलणार. तिनं फक्त विचारलं, “साहेब, तुमची तब्येत बरी हाय ना? आले नाही तं मले वाटलं, बिमार पडले.” ती हे खरंच म्हणत होती की मला टोचत होती, हे मी पुढं अनेकदा तिला विचारलं. ती नुसती हसायची.

त्याच आठवड्यात मी जुन्या कागदांमध्ये शिरलो. तिसऱ्या दिवशी गावाचा एक पिवळा पडलेला नकाशा सापडला. त्यावर पाटाची निळी रेघ अगदी तुरीच्या त्या रेघेसारखीच वळसा घेत गेली होती. साहेबांना जाऊन सांगितलं, ते चार शब्द बोलले, मी ऐकून घेतले. आणि नकाशा घेऊन पिंपळबोडीला गेलो. त्या दिवशीची बैठक मला जशीच्या तशी आठवते. नामदेवराव मोठ्या आवाजाचा, तापट माणूस. नकाशा मांडीवर पसरून ते बराच वेळ पाहत बसले. लोकांना वाटलं आता फाडून टाकतात. त्यांनी तो घडी घालून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “माह्या बापानं नांगरला असन. मले ठाऊक नव्हतं, असं म्हनत नाही. ठाऊक होतं. घ्या उकरून.” एवढं बोलून ते उठून गेले. पार्बताबाई मान खाली घालून बसली होती. जिंकल्यासारखा चेहरा तिनं तेव्हाही केला नाही.

त्या उन्हाळ्यात गावानं पाट उकरला. सरकारी काम यायचं तेव्हा आलं, पण माणसं थांबली नाहीत. सकाळी सहा ते नऊ, उन्हं तापायच्या आत, दोन्ही वस्त्यांतले बायका-पुरुष घमेली घेऊन यायचे. मी सुट्टीच्या दिवशी जायचो, लेव्हल लावून उतार दाखवायचो आणि शर्ट काढून फावडंही मारायचो. नागपुरात वाढलेल्या माझ्या हातांना फोड आले. पार्बताबाईनं ते पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी घरून हळद घालून कोमट केलेलं तेल आणलं. म्हणाली, “लावा गा भाऊ.” मी तिच्याकडं पाहिलं. तोवर मी ‘साहेब’ होतो. त्या दिवसापासून ‘भाऊ’ झालो, तो शेवटपर्यंत.

पाट तयार झाला, तसा पुढचा प्रश्न आला, की पाणी वाटणार कोण आणि कसं. आमच्याकडं तलावाचं पाणी सोडणाऱ्या, बांध्यांना, म्हणजे धानाच्या खाचरांना, ते पाळीपाळीनं देणाऱ्या माणसाला पाणकर म्हणतात. पिंपळबोडीचा म्हातारा पाणकर थकला होता, आणि नवा माणूस कोणत्या गटाचा असावा यावर बैठका मोडत होत्या. तेव्हा पार्बताबाईनं आपलं म्हणणं मांडलं. मी पाटबंधाऱ्यांवर पुष्कळ व्याख्यानं ऐकली आहेत, पण एवढं सोपं कोणी बोलल्याचं आठवत नाही. ती म्हणाली, “ज्याचं शेत शेवटी, त्याच्या हाती तुडुम द्या. वरचा मानूस पानकर झाला, तं त्याचं शेत भिजलं का त्याचं काम संपलं. शेवटचा मानूस आपल्या शेतापर्यंत पानी नेईन, तवा सगळ्यायचं आपसूक भिजन.” तुडुम म्हणजे तलावाच्या पाळीतलं पाणी सोडायचं तोंड, लाकडी बोळे काढून उघडायचं. कोणीतरी विचारलं, “मंग शेवटचा कोन?” नामदेवराव भिंतीला टेकून बसले होते, ते म्हणाले, “शेवटची तेच हाय. द्या तिले.”

असं ते ठरलं. त्या भागात तोवर बाई पाणकर झालेली कोणी ऐकली नव्हती. लोक तिला ‘पाणकरीण’ म्हणू लागले, आधी चेष्टेनं आणि मग तोच तिचा हुद्दा झाला. तिनं आणखी एक गोष्ट गावाच्या गळी उतरवली, आणि ती सोपी नव्हती. दुष्काळ पडला, तलाव अर्धाच भरला, तर पाणी एकरावर वाटायचं नाही, घरावर वाटायचं. प्रत्येक घराला एका एकराच्या धानाचं पाणी, मग त्याची शेती दोन एकर असो की वीस. आणि वाटप खालून सुरू व्हायचं, वर संपायचं. ज्यांना शेतच नाही, त्या घरांना उन्हाळ्यात तलाव आटत जाईल तशी उघडी पडणारी गाळाची जमीन, भाजीपाला लावायला. वीस एकरवाल्यांनी आवाज केलाच. ती म्हणाली, “वावर जेवत नाही बापा. मानूस जेवते.” बैठकीत दुसरा मोठा नियम झाला तो असा, की पाळी नसताना जो पाणी घेईल, त्याची पुढची पाळी जाईल. त्यावर सगळ्यांचे अंगठे आणि सह्या झाल्या. पहिला अंगठा तिचा.

पहिलं पाणी सोडलं तो दिवस सांगतो. कोरड्या पाटातून पाण्याचं तोंड माणसाच्या चालीपेक्षा हळू सरकत होतं. भेगा दिसल्या की थांबायचं, भेगा प्यायल्या की पुढं निघायचं. निम्मं गाव त्याच्यासोबत काठानं चालत होतं. वस्तीपाशी पाणी पोचलं तेव्हा बायकांनी टाळ्या वाजवल्या, एक-दोघी रडल्या. सगळे पार्बताबाईकडं पाहत होते. ती पाटाच्या खचत्या बांधापाशी गुडघाभर चिखलात उभी राहून ओरडत होती, “अवं, इथं धुरा खचून राहिला! टाळ्या काय वाजवता, माती आना!”

त्यानंतरची दोन-तीन वर्षं बरी गेली. आणि मग ते वर्ष आलं, ज्याच्यासाठी नियम केले होते. रोवणा, म्हणजे धानाची लावणी, उरकली आणि पावसानं जी पाठ फिरवली, ती फिरवलीच. तलाव अर्ध्याच्याही खाली. ठरल्याप्रमाणं एका घराला एका एकराचं पाणी सुरू झालं. पार्बताबाईचं घर म्हणजे ती, तिचा मुलगा विलास, सून माया आणि मांडीवरची नात. नवरा आधीच वारला होता. शेत दोन एकर. विलासनं दोन्ही एकरांत धान लावला होता. एका एकराला पाणी मिळालं, दुसरा पिवळा पडत होता, आणि धान नेमका गर्भात होता. त्या आठ दिवसांत पाणी मिळालं तर लोंबी भरते, नाही तर पोचट राहते. विलास चोवीस-पंचवीसचा होता. रोज सकाळी त्या पिवळ्या बांधीच्या धुऱ्यावर जाऊन उभा राहायचा, माया सांगायची. आणि एका भर दुपारी, सगळे जेवायला घरी गेलेले असताना, त्यानं पाटाचा धुरा फोडून पाणी दुसऱ्या बांधीत घेतलं. तासभरच घेतलं असेल. पण ते पाहिलं ते त्याच्या आईनंच.

तिनं फोडलेला धुरा बुजवला आणि कोणालाच काही बोलली नाही. विलासला वाटलं, आईनं पोटात घातलं. संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर लोक पाळ्यांचं बोलायला जमले, तेव्हा ती उठून उभी राहिली. मी त्या दिवशी तिथंच होतो, तलावाची पातळी पाहायला आलो होतो. “आमच्या घरानं आज पाळी नसताना पानी घेतलं,” ती म्हणाली. “आमची पुढची पाळी गेली. शेवटची पाळी होती, आता आमाले पानी नाही.” एक अक्षर जास्त नाही. लोक गडबडून गेले. कोणी म्हणालं, जाऊ द्या बाई, पोरगं आहे, एवढ्या तेवढ्याचं काय. ती म्हणाली, “नियम पह्यले मोडला तं आमच्याच घरानं मोडला. आज सोडून देसान, तं उद्या कोनाले थांबवसान?” विलास ओट्याच्या खाली उभा होता. सगळ्या गावासमोर त्यानं आईला विचारलं, “काहून वं आई? खाऊ काय आपन?” तिनं त्याच्याकडं पाहिलं. तो चेहरा मला अजून दिसतो... दोघांचेही.

तिच्या दोन्ही एकरांतला धान गेला. पाणी मिळालेला एकरही शेवटच्या पाळीवाचून पोचट राहिला. विलास आठवड्याभरात कामठीला निघून गेला, यंत्रमागावर कामाला लागला. जाताना आईच्या पाया पडला नाही. माया आणि नात राहिल्या. “आई एकटी राहीन म्हनून मी नाही गेली,” असं माया पुढं मला म्हणाली होती, “पन पह्यले सहा महिने मी तिच्याशी धड बोलत नव्हती.”

आता इथं जी गोष्ट घडली, ती सांगण्यासाठीच मी खरं तर हा लेख लिहायला बसलो. पाणी खालून वर वाटत जायचं, म्हणजे सगळ्यांत शेवटचा नंबर नामदेवरावांच्या एकराचा. सगळा हिशेब असा होता, की शेवटच्या पाळीत त्यांच्यापर्यंत पाणी पोचणारच नव्हतं. मीच पातळी मोजून तसं सांगितलं होतं आणि त्यांनी ते गुमान ऐकून घेतलं होतं. पार्बताबाईच्या घराची पाळी गेली, तेवढं पाणी तलावात उरलं, आणि ते नामदेवरावांच्या धानाला मिळालं. एकर पिकला. कापणी-मळणी झाल्यावर एका सकाळी नामदेवराव डोक्यावर तांदळाचं पोतं घेऊन आपल्या वाड्यातून निघाले. गडी होते, बैलगाडी होती, ट्रॅक्टरही होता. पण तो साठीचा माणूस स्वतः पोतं डोक्यावर घेऊन भर गावातून चालत खालच्या वस्तीत आला. त्यांच्या घराण्यातलं कोणी त्या वस्तीत असं ओझं घेऊन आल्याचं कोणाला आठवत नव्हतं. मायानं मला हे सांगितलं तेव्हा ती अजूनही त्या आश्चर्यात होती. पोतं त्यांनी ओसरीवर उतरवलं आणि धापा टाकत म्हणाले, “बाई, हे तुहंच हाय. तुह्या पान्याचं हाय.”

पार्बताबाई चुलीपाशी होती. तिनं पोत्याकडं पाहिलं, त्यांच्याकडं पाहिलं. मायाला वाटलं, सासू आता परत पाठवते. कारण त्या तीन महिन्यांत वस्तीतल्या किती जणींनी सुपात तांदूळ आणला होता आणि तिनं सगळ्यांचा परत केला होता. घरात ज्वारीची भाकर आणि लाखोरीची डाळ चालू होती. ती म्हणाली, “पान्याचं हाय म्हनता, तं ठेवते. पन मंग जेवून जा. असं कोरडं नाही जाऊ देत मी.” अशा वेळी माणूस काय काय सांगू शकतो, घाई आहे, उपास आहे, पुन्हा येईन. नामदेवरावांच्या वडिलांनी या वस्तीतलं पाणीसुद्धा कधी तोंडाला लावलं नव्हतं. त्यांनी चपला काढल्या, अंगणातल्या रांजणातलं पाणी घेऊन हातपाय धुतले आणि आत येऊन चुलीसमोर मांडी घालून बसले. तिनं भाकर वाढली, डाळ वाढली. त्यांनी मागून दुसऱ्यांदा घेतली. माया म्हणते, जेवताना एकदा ते म्हणाले, “डाळ चांगली झाली,” आणि ती म्हणाली, “मीठ जराकसं कमी हाय.”

विलास दोन वर्षांनी परत आला. कोणी बोलवायला गेलं नव्हतं. रोवण्याच्या दिवसांत एका सकाळी पिशवी घेऊन दारात उभा राहिला. माफी-बिफी कोणी मागितली नाही. त्यानंच मला पुढं सांगितलं, “आईनं इचारलं, जेवला का? मी म्हनलो, नाही. जेवन वाढलं अन् म्हनली, उद्या आपली पाळी हाय, लवकर उठजो.” सांगताना तो हसत होता आणि डोळे पुसत होता. आज तोच गावाच्या पाणीवाटप समितीचा सचिव आहे.

एक आठवण नागपूरची. चार वर्षांपूर्वी तिच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा ती आमच्या घरी आठवडाभर राहिली होती. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यानं सगळ्या घराची तपासणी. माझ्या बायकोचं आणि तिचं चांगलं जमलं, दोघी मिळून माझी टिंगल करायच्या. आमच्या समोरच्या इमारतीवरची टाकी रोज सकाळी भरून वाहते. पाणी भिंतीवरून खाली येतं आणि रस्त्यावर तळं होतं. आम्हाला ते सवयीनं दिसेनासं झालं होतं. तिसऱ्या दिवशी पार्बताबाई घरात दिसेना. पाहतो तर पट्टी बांधलेल्या डोळ्यानं, माझ्या बायकोची शाल पांघरून, समोरच्या इमारतीचे तीन जिने चढून ती एका अनोळखी दारासमोर उभी. मी धावत गेलो. ती त्या घरच्या बाईला विचारत होती, “काहून वं माय, तुमच्या घरचं पानी रस्त्यावर काहून धावते? खाली काही पेरलं का?” मी माफी मागायच्या तयारीत होतो. पण ती बाई हसू लागली आणि पार्बताबाईला आत बोलावून चहा दिला. दुसऱ्या दिवशी टाकी वाहिली नाही. नंतर कधीकधी वाहते, खोटं कशाला सांगू. पण त्या घरची बाई अजूनही रस्त्यात भेटली की विचारते, “तुमच्याकडच्या त्या आजी कशा आहेत?” परवा तिनं पुन्हा विचारलं. मी सांगितलं.

तिनं फार मोठं काही केलं, असं तिला स्वतःला कधी वाटलं नाही. पिंपळबोडी काही स्वर्ग झालेलं नाही. भांडणं आहेत, तलावात गाळ पुन्हा साचतो आहे, तरुण पोरं बुटीबोरीला आणि नागपूरला कामाला जातातच. पण होळीनंतर खालच्या वस्तीत गेलं की दारं उघडी दिसतात. आटलेल्या तलावाच्या कडेला ज्या घरांना शेत नाही त्यांची वांगी, काकड्या, वाल उभे असतात. आणि गावात तांदूळ संपला म्हणून कोणी उपाशी झोपलं, असं त्या वर्षानंतर मी ऐकलेलं नाही. एवढं झालं. आणि ते माझ्या यंत्रानं झालं नाही.

अंत्ययात्रेला सगळं गाव होतं. त्रिसरण-पंचशील झालं. नामदेवराव आता ऐंशीच्या पुढचे, काठी टेकत आले होते. मी त्यांच्या शेजारी उभा राहिलो.

मागच्या आठवड्यात मी पुन्हा पिंपळबोडीला जाऊन आलो. धान निसवला आहे, लोंब्या बाहेर आल्या आहेत, आणि शेवटची पाळी चालू आहे. विलास बैठकीला गेला होता. मायानं मला पार्बताबाईच्या खोलीत बसवलं. लहानशी खोली, एक खिडकी, आणि खिडकीला अगदी चिकटून तिची खाट. मी म्हटलं, “खाट अशी आडवी का गं? दार अडतं की.” माया स्वयंपाकघरातून म्हणाली, “तिनंच लावली होती तशी. खिडकीखालून पाट जाते ना भाऊ. उशी तिकडं केली का पान्याचा आवाज येते. शेवटी-शेवटी उठता येत नव्हतं, तं पडल्या पडल्या आयकत राहे. आमच्या यायनं एक डाव हलवाले घेतली होती खाट, मी नको म्हनली.” मी उशीकडं सरकून बसलो. खरंच ऐकू येत होता, बारीक, एकसारखा. माया सूप घेऊन दाराशी येऊन बसली आणि तांदूळ निवडता निवडता मला नातीच्या कॉलेजचं काहीतरी सांगत होती. मध्येच ती बोलायची थांबली. मला काही कळलं नाही. मग माझ्याही लक्षात आलं, खिडकीखालचा आवाज कमी झाला होता. तिनं सूप बाजूला ठेवलं, कोपऱ्यातलं फावडं उचललं आणि “आलीच भाऊ, वर कोठीतरी धुरा फुटला,” म्हणत दाराबाहेर गेली. मी खाटेवर बसून राहिलो. बऱ्याच वेळानं आवाज पुन्हा भरून आला, पण ती लगेच परतली नाही. पाटाच्या काठानं ती पुढं टोकाकडं निघाली असणार, शेवटच्या बांधीत पाणी पोचलं की नाही ते पाहायला.